विचारून टाका

सोशल मीडियावरची प्रायव्हसी म्हणलं की माणूस लगेच मोबाईल काढतो आणि सेटिंग दाखवायला लागतो. लास्ट सीन बंद कर, डीपी फक्त कॉन्टॅक्ट्सना ठेव, इन्स्टा प्रायव्हेट कर, फेसबुकला प्रोफाइल लॉक मार, झालं काम. मी पण हे सगळं केलेलं आहे आणि माझ्या कॉलेजातल्या पोरींनाही शेजारी बसवून करायला लावते, त्याबद्दल वादच नाही. पण मला राहून राहून वाटतं की आपल्याकडं, म्हणजे इथं मराठवाड्यात, जिथं माणूस एकटा असा कधी नसतोच, तिथं हा प्रश्न सेटिंगनं जेमतेम चार आणे सुटतो. कारण माझ्याबद्दल नेटवर जे काही फिरतंय त्यातलं बरंचसं मी टाकलेलंच नाही. ते काकांनी टाकलंय, आत्याच्या पोरानं टाकलंय, लग्नातल्या फोटोग्राफरनं त्याच्या पेजवर टाकलंय, शाळेच्या जुन्या ग्रुपवर कुणीतरी नववीतला फोटो शोधून टाकलाय. माझ्या फोनमधलं मी बघून घेईन, त्यांच्या फोनमधल्या माझ्या चेहऱ्याचं काय करायचं?

मी लातूरला ज्युनियर कॉलेजला शिकवते. माहेर अंबाजोगाईजवळचं एक गाव, सासर गंगाखेडकडं. त्यामुळं ग्रुप किती असतील बघा, माहेरच्या भावकीचा, सासरच्या भावकीचा, गावाचा, मामाकडचा, बीएडच्या मैत्रिणींचा, स्टाफचा, लेकीच्या शाळेचा, सोसायटीचा. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमधे आपण आलो की तिथल्या प्रत्येकाला आपला नंबर दिसतो, ओळख असो नसो, आणि एका ग्रुपात आता १०२४ माणसं बसतात. आपल्याला ग्रुपमधे कोण घेऊ शकतं ही सेटिंग २०१९ ला आली, तोवर कुणीही उचलून कुठंही घालायचं. आता अडवता येतं. पण समजा चुलत सासऱ्यांनी परिवाराच्या ग्रुपमधे घ्यायचं ठरवलं, तर सेटिंगमुळं त्यांना थेट घेता येत नाही, लिंक येते, आणि लिंकच्या मागोमाग त्यांचा फोन येतो, "सूनबाई, लिंक पाठवलीय, अजून आला न्हाईत तुम्ही." आता याला कोणती सेटिंग लावायची सांगा.

माझ्या आजोळी माळवदाचा जुना वाडा होता. मोठ्या दारातून आत आलं की ढाळज. येणारा जाणारा, वसुलीवाला, पावणा, सगळे आधी ढाळजेत बसायचे. तिथून पुढं ओसरीवर कोण येणार, माजघरात कोण आणि देवघरापर्यंत कोण, हे कुणी न सांगता ठरलेलं असायचं. बोलण्याचंही तसंच. दिवस गेले तर तिसरा महिना सरेपर्यंत घराबाहेर शब्द जायचा नाही. सोयरीक सुपारी फुटेपर्यंत काढायची नाही. कापूस किती क्विंटल झाला, बोअरला किती इंची पाणी लागलं हे कुणी विचारलं तरी माणूस "बरंय की" म्हणून विषय बदलायचा. आजी याला दृष्ट म्हणायची, मी त्याला आता शहाणपण म्हणते. कुणाला किती सांगायचं याचे टप्पे होते. व्हॉट्सॲप आणि फेसबुकला ही ढाळजच नाही. स्टेटस टाकला, सेटिंग बदललेली नसली, की गॅसवाला, पोरीच्या रिक्षाचे मामा, जुन्या खोलीचे मालक, कधीतरी नंबर सेव्ह केलेला प्लंबर आणि सख्खी बहीण, ज्यांचा नंबर आपल्याकडं आणि आपला त्यांच्याकडं आहे ते सगळे एकदमच माजघरात.

पण ती जुनी व्यवस्था फार चांगली होती असं मला म्हणायचं नाही. त्या वाड्यात बाईला स्वतःची अशी जागाच नव्हती. आजीला माहेरहून आलेलं पत्र आधी आजोबा वाचायचे, मग चारचौघात मोठ्यानं वाचलं जायचं, मग तिला कळायचं आपल्या आईचं कसं चाललंय. घराची गुपितं तिनं सांभाळायची, तिला स्वतःचं गुपित ठेवायची सोय नाही. त्यामुळं आजच्या पोरी फोनला पॅटर्न लावतात, स्टेटस पावण्यांपासून हाईड करतात, इन्स्टावर क्लोज फ्रेंड्सची वेगळी यादी ठेवतात तेव्हा मला लई बरं वाटतं. आजीला जी सोय कुणी दिली नाही ती त्यांनी स्वतःच्या हातानं करून घेतलीय.

माझ्या वर्गातल्या पोरी उदगीर, निलंगा, मुखेड, जिंतूर, कुठून कुठून येतात, होस्टेलला राहतात. त्यांचे डीपी बघावेत. फूल, देव, पाठमोरा फोटो, नाहीतर चेहऱ्यावर बदामाचं इमोजी. फेसबुकनं प्रोफाइल फोटोला शील्ड लावायची सोय २०१७ ला आधी भारतात आणली, कारण इथल्या बऱ्याच बायका स्वतःचा चेहरा टाकायलाच कचरतात हे त्यांना दिसलं होतं. शील्ड चांगलीच आहे, फोटो डाऊनलोड होत नाही, पण ती अनोळखी माणसासाठी आहे. मी एकदा वर्गात सायबर सुरक्षेवर बोलत होते, हॅकर वगैरे, तर मागच्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, "मॅडम, हॅकरला माझ्याशी काय घेणंय, मला चुलत्याची भीती वाटते." वर्ग हसला नाही. सगळ्या पोरींना कळलं होतं ती काय म्हणायली ते. चुलत्यानं फोटो बघितला, त्यानं घरी सांगितलं, घरी फोन काढून घेतला, कदाचित होस्टेलमधून परत बोलावलं, ही त्यांच्यासाठी डोळ्यासमोरची गोष्ट आहे. प्रायव्हसीवर जे काही लिहिलेलं मी वाचते त्यात कंपन्या असतात, सरकार असतं, चोर असतात, चुलता नसतो.

आता बायोडाटा. मला वाटतं आपल्या भागात माणसाची सगळ्यात जास्त खाजगी माहिती जर कुठल्या एका कागदावर असेल तर ती लग्नाच्या बायोडाट्यावर असते, आणि हा कागद आपण स्वतः, हौसेनं, गणपतीचं चित्र वर लावून शेकडो अनोळखी लोकांना वाटतो. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासकट, जन्मठिकाण, रास, नाडी, उंची, वर्ण, रक्तगट, शिक्षण, कुठं नोकरी, पगार किती, वडील काय करतात, भाऊ कुठल्या कंपनीत, बागायती किती कोरडवाहू किती, स्वतःचं घर आहे का, घराचा पत्ता, मामाचं कूळ आणि मामाचं गाव, दोन मोबाईल नंबर, आणि फोटो. बँका आणि ईमेलवाले वर्षानुवर्षं ओळख पटवायला आईचं लग्नाआधीचं आडनाव विचारत आले, आणि आपल्याकडं ते ठळक अक्षरात, वेगळ्या ओळीत असतं. हा सगळा पीडीएफ सोयरिकीच्या ग्रुपवर जातो. एका ग्रुपवरून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. परत कुणीच घेऊ शकत नाही, कारण आपल्याला आपला मेसेज डिलीट करता येतो, दुसऱ्यानं पुढं ढकललेला येत नाही.

माझा बायोडाटा थोरल्या मामांनी टाकला होता, अगदी प्रेमानं, भाचीचं चांगलं व्हावं म्हणून. लग्न झालं, लेक झाली, लेक शाळेत जायला लागली, तरी माझ्या वडलांना, अप्पांना, अजून कधीमधी बिदरकडून नाहीतर सोलापूरकडून फोन येतो, मुलीचं जमलं का. अप्पा शांतपणे सांगतात, जमलं हो, नात बी झाली. म्हणजे माझा पंचविशीतला पगार, माझा तेव्हाचा फोटो, माझी जन्मवेळ अजूनही कुठल्यातरी अनोळखी फोनमधे जिवंत आहे आणि ती किती जणांकडं आहे हे या जगात कुणीच सांगू शकत नाही.

नणंदेच्या वेळी आम्ही वेगळं करायचं ठरवलं, आणि हे ठरवताना घरात जी चर्चा झाली ती मला फार मोलाची वाटते. ती नांदेडला लॅबमधे नोकरी करते. तिचं म्हणणं साधं होतं. पहिल्या कागदावर जन्मवेळ नको, पगार नको, पत्ता नको, जिल्हा पुरे. पुढं बोलणं सरकलं तर सगळं सांगू, समोर बसून सांगू. फोटो पीडीएफमधे चिकटवायचा नाही, ज्यांना बघायचाय त्यांना वेगळा पाठवायचा, व्ह्यू वन्स करून, म्हणजे एकदाच उघडता येईल असा. (व्ह्यू वन्स २०२१ ला आलं आणि त्याचा स्क्रीनशॉटही आता निघत नाही, दुसऱ्या फोननं समोरून फोटो काढणारा काढतोच, पण त्याला निदान दुसरा फोन आणावा लागतो.) आणि फोटो कोणता, यावर तर दोन दिवस गेले. सासूबाईंना काठापदराची साडी, केस मोकळे नकोत. स्टुडिओवाल्यानं न विचारता चेहरा दोन शेड गोरा करून दिला. तिनं तो परत केला, आणि लॅबमधला, पांढऱ्या कोटातला, मैत्रिणीनं काढलेला फोटो निवडला. म्हणाली, "वहिनी, मी दिवसभर अशीच असते, ज्याला आवडायचं त्याला अशी आवडू दे." सासूबाई बराच वेळ तो फोटो बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, "हुशार दिसायली." झालं, तोच गेला.

त्रास झाला नाही असं नाही. दोन-तीन ठिकाणांहून विचारणा आली की एवढं लपवायला काय झालंय, काही भानगड आहे का. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त बोचतो. झाकलं म्हणजे खोट आहे, असा आपल्याकडं सरळ हिशोब. खरंतर माणूस दाराला कडी लावतो ती आत पाप आहे म्हणून लावत नाही, ते त्याचं घर आहे म्हणून लावतो, आणि हे मुलीच्या बाबतीत पण तितकंच खरं आहे हे अजून किती वेळा सांगावं लागणार कोण जाणे.

तेव्हा नणंदेनं मला विचारलं होतं, हे असं फिरवणं कायद्यानं थांबत नाही का. मी बसून वाचलं. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच तो येतो. ज्यांच्या नावानं तो निकाल ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी हे हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश, २०१२ ला आधारच्या विरोधात कोर्टात गेले तेव्हा त्यांनी वयाची ८० ओलांडलेली होती. या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो, ज्या वयात लोक म्हणतात आता आपलं काय राहिलंय त्या वयात त्यांनी सगळ्या देशासाठी हा हक्क मागितला. पुढं २०२३ ला डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट आला. तो कंपन्यांना, ॲपवाल्यांना, संस्थांना बांधतो, विचारल्याशिवाय माहिती वापरू नका म्हणतो, १८ वर्षांखालच्या लेकरांसाठी आईबापाची परवानगी मागतो. पण माणसानं स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी वापरलेली माहिती त्या कायद्यातून सरळ बाहेर ठेवलेली आहे. म्हणजे मामा, आत्या, चुलता हे सगळे बाहेर. आणि ते बरोबरच आहे असं मला वाटतं, भाचीच्या बायोडाट्यावरून मामावर केस कोण करणार, करायची पण कामून? पण याचा अर्थ हा की आपल्या प्रायव्हसीचा जो सगळ्यात मोठा भाग आहे तो कुठलंही कोर्ट आपल्याला सांभाळून देणार नाही, तो जेवताना, ओसरीवर, फोनवर, गोड बोलून नाहीतर थोडं भांडून आपणच ठरवायचाय. मामा, टाका की, पण मला विचारून टाका. एवढं वाक्य तोंडातून निघायला आमच्या पोरींना किती जोर लागतो हे मी रोज बघते.

आता इमेजचं. लोक सेल्फ इमेज, रील, सेल्फी यावर तुच्छतेनं बोलतात, दिखावा म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. माझ्या आजीचा जन्मभरात एकच फोटो आहे, मतदान कार्डासाठी काढलेला, डोळे विस्फारलेले, घाबरलेली. तोच मोठा करून भिंतीवर लावलाय. तिला कुणी विचारलंच नव्हतं की तुला कसं दिसायचंय. मग २०१६ ला जिओ आलं, स्वस्तातले फोन आले, आणि धारूर, वडवणी, पाटोद्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांच्या हातात कॅमेरा आला. ही माणसं दसरा-दिवाळीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्याला जातात, पाच-सहा महिने कोपीत राहतात, थंडीत पहाटे फडात उतरतात. त्यांनी तिथून रील टाकायला सुरुवात केली. आधी टिकटॉकवर, जून २०२० ला ते बंद झालं तर इन्स्टावर आणि यूट्यूबवर. साडीवर नवऱ्याचा शर्ट घातलेली बाई, हातात कोयता, डोक्यावर मोळी, आणि ती कॅमेऱ्यात बघून हसते, गाण्यावर मान डोलावते. पेपरात ऊसतोड बाईचा फोटो येतो तेव्हा ती नेहमी थकलेली, कुठंतरी लांब बघणारी असते. ते खोटं नाही, कष्ट खरेच आहेत. पण या रीलमधे तिनं स्वतः ठरवलंय की आज मला जगानं असं बघायचं, आणि मला तिचा लई अभिमान वाटतो. स्वतःची इमेज स्वतः करणं यात हलकं काहीच नाही.

हलकं आहे ते दुसऱ्याचा चेहरा वापरून स्वतःची इमेज करणं. आणि ते आपल्या भागात राजरोस चालतं. २०२० च्या लॉकडाऊनमधे राशनच्या किटचे फोटो आठवा. एक पिशवी, तिला धरणारे सात-आठ हात, आणि मधे मान खाली घालून उभी असलेली एक म्हातारी. किट तिला लागत होतंच, ज्यांनी दिलं त्यांनी चांगलंच केलं, पण तो फोटो तिच्या नातवानं पुण्यात स्टेटसला बघितला असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल. ब्लँकेट वाटप, वह्या वाटप, शिलाई मशीन वाटप, प्रत्येक ठिकाणी देणारा कॅमेऱ्यात बघतो आणि घेणारा खाली. देणाऱ्याच्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून घेणाऱ्याची गरज गावभर होते.

याहून अवघड आहे ते लिहितेच. आमच्याकडं शेतकऱ्यानं जीव दिला की तासाभरात फोटो फिरायला लागतात. घराचा, चिठ्ठीचा, रडणाऱ्या बाईचा, कधीकधी तर त्या माणसाचाच. फिरवणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, कितीतरी जण कळवळ्यानंच पुढं पाठवतात, सरकारला जाग यावी म्हणून. माझ्याकडं अकरावीला एक मुलगा आला होता, त्याच्या वडलांचा असा फोटो अख्ख्या तालुक्यात फिरलेला. तो कॉलेजात पहिल्या दिवशी आला तेव्हा वर्गातल्या काही पोरांच्या फोनमधे त्याचे वडील आधीच होते. त्याला ते माहीत होतं. वर्षभर तो डबा खायला वर्गात थांबला नाही. मी त्या पोरांना एकेकाला बाजूला घेऊन तो फोटो त्यांच्या फोनमधून काढायला लावला, कुणीच नाही म्हणलं नाही, एकाला तर कळलंच नव्हतं की आपल्या गॅलरीत तो आपोआप सेव्ह झालाय. व्हॉट्सॲपची ती मीडिया व्हिजिबिलिटीची सेटिंग बंद कशी करायची हे मी त्या दिवशी सगळ्या वर्गाला शिकवलं. म्हणून म्हणते, गेलेल्या माणसालाही लाज असते आणि मागं राहिलेल्यांना तर असतेच.

मयतीच्या बातमीचंही असंच झालं होतं. पूर्वी सासरी असलेल्या लेकीला तब्येत जरा नरम आहे, येऊन जा, असा निरोप जायचा, गाडीत सोबत कुणीतरी बसवायचे आणि गाव जवळ आल्यावर सांगायचे. आमच्या भावकीतल्या एका लेकीला वडील गेल्याचं चुलतभावाच्या स्टेटसवर, भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फोटोवरून कळलं. ती तेव्हा ऑफिसच्या बसमधे एकटी होती. त्यानंतर आमच्या ग्रुपवर सत्तरीतल्या नानांनी व्हॉइस मेसेज टाकला, "लेकी-जावयांना फोन झाल्याबिगर कुणी बी श्रद्धांजली टाकायची न्हाई, सांगून ठेवतो." तेव्हापासून पाळलं जातंय. नानांना प्रायव्हसी पॉलिसी वगैरे कशाचा पत्ता नाही, पण कुणाला काय आधी कळलं पाहिजे याची त्यांना पूर्ण जाण आहे. म्हातारी माणसं यात मागं आहेत असं मी म्हणूनच कधी म्हणत नाही.

छोट्या गोष्टी पटापट सांगते. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं गाव रानात असतं, भज्जी आंबिलाचे फोटो लोक तिथूनच लाईव्ह टाकतात आणि घरं कुलूपबंद आहेत हे सगळ्या जगाला कळतं, रात्री घरी येऊन टाकले तरी भज्जीची चव तीच राहते. लेकराच्या गणवेशावर शाळेचं नाव दिसत असेल तर तो फोटो टाकू नका. योजनेच्या फॉर्मसाठी बाया आधारचे आणि पासबुकाचे फोटो सरळ गावाच्या ग्रुपवर पाठवतात, त्यापेक्षा मास्क्ड आधार काढावं, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात, आणि जिथं ते चालतं तिथं तेच द्यावं. व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर कुठं काढला ते लोकेशन त्याच्यासोबत जाऊ शकतं. तुमच्या नावाचं खोटं अकाउंट काढून कुणी पैसे मागत असेल तर ओळखीच्यांना लगेच सांगा, आणि पैसे गेले असतील तर १९३० ला फोन करा, जितका लवकर तितका उपयोग.

आणि फोटो मॉर्फ करून कुणी धमकी देत असेल तर, हे पोरींसाठी लिहितेय, तुमची काही चूक नाही. २०२१ च्या आयटी नियमांनी अशा फोटोची तक्रार आली की २४ तासांच्या आत तो काढायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. १८ च्या खालच्या असाल तर टेक इट डाऊन नावाची सोय आहे, मोठ्यांसाठी स्टॉप एनसीआयआय, दोन्हीत तुमचा फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, फोनमधेच त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा कंपन्यांकडं जातो, तसाच फोटो सापडला की अडवायला. पण सगळ्यात आधी घरातल्या एका माणसाला सांगा. आणि आईबापांनो, तुमच्याकडं पोरगी हे सांगत आली तर तिचा फोन हिसकावू नका, कॉलेज बंद करू नका. धमकी देणाऱ्याचं सगळं बळ याच्यावरच असतं की ही घरी सांगू शकणार नाही.

आमच्या लातुरात रिझल्टचे दिवस म्हणजे फ्लेक्सचे दिवस. नीट, बारावी, सीईटी, चौकाचौकात पोरांचे चेहरे, नाव, मार्क, गाव. ज्यांचे असतात त्यांच्या घरी आनंद असतो आणि तो असावाच, कुणाच्या वडलांनी शेत विकून फी भरलेली असते. पण त्या पोरांना आजवर कुणी विचारलेलं मी बघितलं नव्हतं. मार्कांसकट गाव छापलं की दुसऱ्या दिवसापासून घरी फोन सुरू होतात, ॲडमिशनवाले, सत्कारवाले, वर्गणीवाले, आणि मुलगी असली की सोयरिकवाले. म्हणून यंदा मी आमच्या कॉलेजात एक साधा फॉर्म करून बघितला. फोटो लावू का, नाव लावू का, मार्क लावू का, गाव लावू का, चारी वेगवेगळे प्रश्न, पुढं हो किंवा नाही. बहुतेकांनी सगळ्याला हो लिहिलं. काही पोरींनी नाव आणि मार्क हो, फोटो नाही. एकानं गावापुढं "नाही" लिहिलं, का ते मी विचारलं नाही. एका पोरीनं खाली हातानं लिहिलं होतं, माझ्या फोटोच्या जागी आईचा लावला तर चालेल का, तिनं मेसचे डबे करून शिकवलंय. फ्लेक्सवाला म्हणाला असं कधी केलं नाही मॅडम, लोक गोंधळतील. मग पोरीचं नाव, मार्क, आणि खाली बारीक अक्षरात "सोबत आई" असं लिहून लावला. कुणी गोंधळलं नाही.

आता गॅदरिंगच्या फोटोंसाठी पण तसा फॉर्म करायचं माझं चाललंय. सर अजून तयार नाहीत. ते म्हणतात हजारभर फोटो निघतात, पेजवर टाकायच्या आधी एकेकाला कोण विचारत बसणार. मी म्हणलं मी बसते. डिसेंबरात गॅदरिंग आहे, त्याच्या आधी अकरावीच्या सगळ्या तुकड्यांत कागद फिरवून घ्यायचेत.